वतन गेलं, शर्त राहिली



आज घोषणा नकोत. घोषणा तुम्हाला पाठ आहेत, सातबारा पाठ नाही.

महारवतन म्हणजे काय होतं? रात्रंदिवस गावचा आणि सरकारचा हरकाम्या व्हायचं. सारा तालुक्याला पोचवायचा, मयताचा सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं. बदल्यात जमिनीचा तुकडा न्‌ बलुतं. शिवेचा तंटा उठला की साक्ष महाराची. त्याच महाराच्या नातवाला आज स्वतःचा बांध सापडत नाही!

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतन कायदा दुरुस्तीचं बिल मांडलं. वतन प्रत्यक्षात मोडलं 1 ऑगस्ट 1959 ला, कनिष्ठ गाववतनं रद्द करणाऱ्या 1958 च्या कायद्यानं. मोडलं ते बरंच झालं. पण कलमं वाचा. जमीन आधी सरकारजमा. मग जो मुदतीत कब्जेहक्काची रक्कम भरील त्याला परत. पिढ्यान्‌पिढ्या राबून मिळवलेली जमीन आम्ही पुन्हा विकत घ्यायची! चूल धड पेटत नव्हती त्यानं पैसे आणायचे कुठून? भरले त्यांनाही ती मिळाली नवीन शर्तीवर. कलेक्टरच्या परवानगीबिगर विकायची नाही, वाटायची नाही.

आणि कुळाचं कलम तर बघाच. वतन जमीन कायदेशीर खंडानं दिलेली असेल तर तिथं कूळकायदा लागू. पोट भरेना म्हणून आज्यानं जमीन खंडानं दिली कुणाला? ज्याच्या दावणीला बैल होते त्याला. झालं! वाड्यातला पाटील ठरला कूळ, न्‌ महारवाड्यातला उपाशी म्हातारा जमीनमालक! कसेल त्याची जमीन, ही आमचीच मागणी. दादासाहेब गायकवाडांच्या मागं लोक भूमिहीनांसाठी तुरुंगात गेले. इथं तीच मागणी आमच्यावर उलटली.

आता दलाल फिरताहेत. म्हणतात, शर्त काढून देतो, अंगठा द्या. 2025 साली पुण्याजवळच्या मुंढव्यातल्या सुमारे 40 एकर महारवतनाच्या सौद्याचं काय झालं ते पेपरात वाचलंत. काही पोरं म्हणतात, शर्तच रद्द करा. मला पटत नाही. शर्त बेडी आहे, कबूल. पण कब्जा दुसऱ्याचा असताना ती काढली तर फायदा कुणाला? आधी कब्जा, मग शर्त.

प्रत्येकानं आपल्या गावचा नमुना 3, नमुना 1-क आणि 1959 पासूनचे फेरफार काढायचे. ‘समस्त महार’ अशी नोंद असेल तिथं वारसांची यादी म्हाताऱ्यांना विचारून आजच लिहा, म्हातारी माणसं थांबत नाहीत. नकलेच्या फीसाठी हा डबा फिरवतोय. जमेल तेवढं टाका.