पावसाआधींचीं फळें आणि बर्फाचा कप्पा

परसांत जांभळाचें एक झाड आणि कुंपणाला करवंदीच्या दोन-चार जाळ्या असल्या, कीं ज्येष्ठाच्या सुमारास त्या घरीं दोन उलट तक्रारी एकदमच ऐकूं येतात. करवंदें रोज ओंजळभरच पिकतात, आणि तेवढ्यांत ना मुरंबा होतो ना सरबत. जांभळें मात्र टोपलीभर पडतात. खाऊन व शेजारीं वांटून उरलेलीं दुसऱ्या दिवशीं आंबतात. गच्चीवर कुंडींत स्ट्रॉबेरी लावणाऱ्याची अडचण करवंदीसारखीच. वनस्पतिशास्त्र करवंद व जांभूळ यांना खरें ‘बेरी’ मानतें आणि स्ट्रॉबेरीला, तिच्या नांवांतच तो शब्द असूनहि, मानीत नाहीं. बर्फाच्या कप्प्यांत मात्र या तिघांचें दुखणें एकच आहे.

तें दुखणें पाण्याचें. स्ट्रॉबेरीच्या वजनांत शेंकडा ९० च्या आसपास पाणीच असतें, आणि पाणी गोठतांना शेंकडा ९ नें फुगतें. गोठणें सावकाश झालें तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात व फळाच्या पेशींच्या भिंती फाडतात. मग वितळलेल्या फळाचा लगदा होतो आणि रस ताटांत उतरतो. तेंच जलद झालें तर स्फटिक बारीक राहतात व नासधूस कमी होते. क्लॅरेन्स बर्ड्‌झाय या अमेरिकन गृहस्थानें १९१२ नंतरच्या कांहीं वर्षांत लाब्राडोरच्या कडाक्याच्या थंडींत मासे क्षणांत गोठतांना पाहिले. ते पुढें शिजवल्यावर ताज्यासारखेच लागत. त्या निरीक्षणांतून निघालेला माल, त्यांत फळेंहि होतीं, १९३० च्या मार्चमध्यें मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या दुकानांत विक्रीस आला.

घरच्या फ्रीजरला ही चपळाई नाहीं. त्याची थंडी फार तर उणे १८ अंश सेंटिग्रेडच्या आसपास, आणि ओलीं फळें पिशवींत कोंबून ठेवलीं तर मधल्या फळापर्यंत ती पोंचावयास कित्येक तास लागतात. अशा पिशवीची वीट बनते. चमचाभर फळासाठीं ती ओट्यावर आपटावी लागते, आणि अर्धी वितळून वायां जाते. यावर उपाय अगदीं साधा आहे. करवंदांचे देंठ काढावे, चीक जाण्यासाठीं तीं थोडा वेळ मिठाच्या पाण्यांत ठेवून स्वच्छ धुवावीं, आणि फडक्यावर पूर्ण कोरडीं करावीं. कोरडेपणांत कसूर करूं नये. मग ताटांत एकच थर पसरून तें ताट रात्रभर फ्रीजरमध्यें ठेवावें. सकाळीं गोळ्यांसारखीं टणक झालेलीं फळें घट्ट झांकणाच्या डब्यांत भरावीं. दुसऱ्या दिवशींच्या ओंजळीचें असेंच करून ती त्याच डब्यांत टाकावी. सुटीं गोठलेलीं फळें एकमेकांना चिकटत नाहींत. किलोभर जमलीं कीं सवडीच्या दिवशीं मुरंबा घालावा. मुरंब्याला फाटलेल्या पेशींचा कांहींच तोटा नाहीं, उलट फळ लवकर शिजतें. वितळलेली स्ट्रॉबेरी ताजीसारखी बशींत मांडण्याची आशा मात्र सोडावी. ती अर्धवट गोठलेलीच खावी.

जांभळांचा गर बिया काढून, थोडी साखर मिसळून, लहान बरण्यांत भरणें सोयीचें. बरणी कांठोकांठ भरूं नये, नाहींतर कांच तडकते. जांभूळ मधुमेहावर गुणकारी, या समजुतीनें पुष्कळ घरांत हा गर सांठवतात. तो रुचीसाठीं जरूर सांठवावा. त्याच्या भरंवशावर डॉक्टरांनीं दिलेलें औषध बंद करणें धोक्याचें आहे. कच्च्या हिरव्या करवंदांना या कप्प्याची गरजच नाहीं, त्यांना मीठ पुरें.

थंडीनें जंतू मरतातच असें नाहीं, ते बहुतेक निजून राहतात. म्हणून डागी फळ फ्रीजरमध्यें सुधारत नाहीं, आणि वीज गेली कीं घड्याळ पुन्हां चालूं होतें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आलें, तेव्हां रायगड-रत्नागिरीच्या कित्येक गांवांत अनेक दिवस वीज नव्हती. म्हणजे नेमकी करवंदें सांठवून झालीं होतीं तीच ही वेळ. भरलेला फ्रीजर दार न उघडल्यास सुमारें ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला सुमारें २४. तेवढ्यांत वीज आली व फळांत बर्फाची कचकच शिल्लक असली, तर तीं पुन्हां गोठवतां येतात, मऊपणा थोडा वाढतो इतकेंच. वीज लवकर येण्याचें चिन्ह नसेल तर वाट पाहत बसूं नये. डबे काढून त्याच दिवशीं सगळें साखरेंत शिजवावें. मुरंब्याच्या बरणीला वीज लागत नाहीं. आंबूस वास येऊं लागलेलें फळ मात्र टाकून द्यावें.

डब्यावर महिना लिहून ठेवावा. आठ-दहा महिन्यांनंतर फळ खराब झालें नाहीं तरी रंग व वास उतरतात. तेव्हां गेल्या ज्येष्ठाचा डबा फाल्गुन-चैत्रापर्यंत रिकामा व्हावा. वैशाखांत जाळ्या पुन्हां काळ्या पडूं लागतात.