व्याख्यान चावडीपर्यंत जावे



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांनी ही परंपरा मराठवाड्यात समृद्ध केली. १० फेब्रुवारी १९८२ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचे देहावसान झाले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. भिंती एकसंध बांधणारे आडवे पट्टे घालावेत, हे ज्ञान शास्त्रज्ञांजवळ होते. चावडीवर ते पोहोचले नव्हते.

म्हणून भूशास्त्रज्ञ आणि इतिहासकार या दोघांनाही ग्रामपंचायतीच्या अंगणात निमंत्रित करावे. भाषण आटोपशीर असावे. प्रश्नांना मात्र भरपूर वेळ द्यावा.