नोंदींचा ड्राइव्ह निवृत्त करताना

(संगणकीय नोंदींच्या सुरक्षिततेविषयी दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



जमिनीचा उतारा, जन्माची नोंद, शाळेचा निकाल हे सारे आज संगणकाच्या ड्राइव्हवर साठविले जाते. मोठ्या ठिकाणी असे अनेक ड्राइव्ह जोडून एक साठवण-समूह, म्हणजेच क्लस्टर, उभारतात. त्यातील जुना झालेला ड्राइव्ह काढताना घाई झाली, तर नोंद कायमची नाहीशी होते किंवा परक्याच्या हाती पडते. म्हणून हे चार शब्द.

काही ड्राइव्ह ‘सेल्फ एन्क्रिप्टिंग’ असतात. लिहिलेला मजकूर ते स्वतःच गुप्त लिपीत बदलतात. त्यांना दोन किल्ल्या लागतात. मजकूर गुप्त करणारी किल्ली ड्राइव्हच्या पोटातच राहते. दुसरी समूहापाशी असते; वीज खंडित होऊन कुलूपबंद झालेला ड्राइव्ह ती दाखविल्यावाचून उघडत नाही. मात्र ही दुसरी किल्ली बसविलीच नसेल, तर तोच ड्राइव्ह कोणासही वाचता येतो.

काढण्याचा क्रम असा. प्रथम समूहास आज्ञा देऊन तो ड्राइव्ह सेवेतून मुक्त करावा. समूह त्यावरील मजकूर अन्य ड्राइव्हांवर सुरक्षित करतो. यास कित्येक तास लागू शकतात. काम पूर्ण झाल्याची सूचना मिळेपर्यंत त्यास हात लावू नये, आणि त्या अवधीत दुसरा ड्राइव्ह तर मुळीच काढू नये. समूहाच्या सोसण्यास मर्यादा असते.

मग पूर्वस्थितीत आणण्याची आज्ञा द्यावी. ड्राइव्ह आतील किल्ली नष्ट करून नवी घडवितो. जुनी अक्षरे जागीच राहतात, परंतु ती वाचण्याचे साधन उरत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत ही रीत काही अटींवर ग्राह्य मानली आहे.

समूहाची किल्ली हरवल्यास बहुतेक ड्राइव्हांच्या चिठ्ठीवर छापलेला ३२ अक्षरांचा ‘पीएसआयडी’ उपयोगी पडतो. त्याने ड्राइव्ह पुन्हा वापरता येतो. मजकूर मात्र परत मिळत नाही.

तरीही केवळ भरवशावर राहू नये. नेदरलँड्समधील राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये अशा काही ड्राइव्हांतील दोष उघड केले. जेथे शंका असेल, तेथे ड्राइव्ह यंत्रात भरडून नष्ट करावा. त्याचा क्रमांक, दिनांक आणि दोघा जबाबदार कर्मचाऱ्यांच्या सह्या नोंदवहीत असाव्यात.

नोंद ही नागरिकाने विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. ती जपणे आणि वेळ आल्यावर निःशेष पुसणे, ही दोन्ही आपलीच कर्तव्ये होत.