अल्प मिळकत आणि वारसांचे कर्तव्य



मेळाव्याच्या मंगल प्रसंगी मृत्यूनंतरच्या व्यवस्थेचा विषय कित्येकांस अशुभ वाटेल. परंतु सातारा-सांगलीकडील आपल्या बहुतेक कुटुंबांत कर्ता पुरुष गेल्यावर मागे उरते ते थोडेच : काही गुंठे जमीन, गावठाणातील घर आणि बँकेतील लहानशी ठेव. हे थोडके वेळीच वारसांच्या नावे लागले नाही, तर ज्या विधवेस त्याचा आधार व्हावयाचा तीच त्यास मुकते. यास्तव चार शब्द बोलण्याची आम्ही अनुज्ञा घेतो.

लहान मिळकतीसाठी कायद्याने सोपे मार्ग ठेविले आहेत. पहिला चावडीचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास वर्दी द्यावयाची असते. त्यांस हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. वर्दीची पोच अवश्य घ्यावी. पुढे फेरफार लिहिला जातो, संबंधितांस नोटीस निघते आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करितात. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. तरीही मृतांची नावे उताऱ्यावर इतकी साचली, की २०२५ साली शासनास ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली.

दुसरा मार्ग बँकेचा. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे नामनिर्देशन वा मृत्युपत्र नसले, परंतु वारसांत तंटा नसला, तर सहकारी बँकेत ५ लाख व इतर बँकांत १५ लाख रुपयांपर्यंतची रक्कम कोर्टाच्या दाखल्यावाचून मिळते. कागद पुरे झाल्यापासून १५ दिवसांत निकाल द्यावयाचा असतो. पतसंस्थांस मात्र हे निर्देश लागू नाहीत.

याहून मोठ्या रकमांसाठी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाखालील प्रमाणपत्र लागू शकते. वारस दाखला मिळतो तो १८२७ च्या मुंबई विनियम आठ अन्वये. साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंह महाराज होते, त्या काळचा हा कायदा आजही चालू आहे.

आता मर्माची गोष्ट. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. ती सर्व वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारी विश्वस्त होय. सर्वोच्च न्यायालयाने हे विम्याच्या रकमेबाबत १९८४ साली सांगितले आणि कंपन्यांच्या भागांबाबत २०२३ साली तेच तत्त्व कायम केले. तद्वत् सातबाऱ्यावरील नोंदीने मालकी निर्माण होत नाही. नाव गाळल्याने बहिणीचा हक्क नष्ट होत नाही. उद्याचा दावा मात्र पेरला जातो.

आम्ही आयुष्यभर मुलांस अपूर्णांक शिकविले. हे गणित त्याहून अवघड नाही. एका गृहस्थाची स्वकष्टार्जित ६० गुंठे जमीन आहे, मृत्युपत्र नाही. मागे आई, पत्नी, दोन पुत्र व एक विवाहित कन्या. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे पाचांस समान, म्हणजे प्रत्येकी १२ गुंठे. एक भाऊ गावी नांगर धरितो, दुसरा मुंबईस नोकरी करितो, बहीण सासरी नांदते. हिस्सा तिघांचा सारखाच. “बहिणीने सोडले आहे” हे ओसरीवरील वाक्य पुरेसे नाही. तिला खरोखरच सोडावयाचे असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे, आणि तेही तिने समजून उमजून केलेले. भाऊबीजेच्या ओवाळणीने बारा गुंठ्यांची फेड होत नाही, हे बंधूंनी ध्यानात ठेवावे.

आमची नम्र सूचना एवढीच, की ज्ञातिसंस्थेने प्रत्येक तालुक्यात दोन जाणते कार्यकर्ते नेमावे. त्यांनी शोकाकुल घरी जाऊन वर्दीचा अर्ज लिहून द्यावा आणि त्यात सर्व वारसांची, विशेषतः लेकींची, नावे आली आहेत ना, हे पाहावे. आपण दहावा-तेरावा तिथीस चुकवीत नाही. त्याच निष्ठेने तीन महिन्यांची ही मुदत पाळली, तर गेलेल्याचे ऋण फिटेल आणि मागे राहिलेल्यांचा संसार उभा राहील.