मातोश्रींशी संवाद



नव्वदी ओलांडलेल्या माझ्या मातोश्रींचा आहार सूर्यास्तापूर्वी आटोपला, की आमच्या गप्पा रंगतात. आपल्या गारगोटीची वेदगंगा जेथे दूधगंगेस मिळते, त्या भोजच्या आचार्य शांतिसागर महाराजांची १९५५ साली कुंथलगिरीवर समाधी झाली. हे ग्रंथांत मिळते. परंतु ती वार्ता आली त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही, हे मातोश्रींच्याच मुखातून ऐकावे.

अलीकडे त्यांची स्मृती क्षीण झाली आहे. कधी मला वडील समजून 'अहो' म्हणतात. मी दुरुस्त करीत नाही. परवा म्हणाल्या, "अहो, पाटल्या मोडल्याचं मनाला लावून घेऊ नका. दुकान चालू दे."

आमचे कापड दुकान कशावर उभे राहिले, हे मला साठीनंतर असे कळले.