न वाजणारी काच

काच ओळखायला आपल्याला कान पुरतो. मणियाराने बांगड्यांवरून बोट फिरवले, की किणकिण ऐकूनच कळते, ही काच. पण चंद्रावरची काच कशी ओळखायची? तिथे हवाच नाही, मग आवाज कुठला?

मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. पण हा प्रश्न मला सोडत नाही.

डिसेंबर १९७२ मध्ये 'अपोलो १७' मोहिमेतले भूगर्भशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिट यांना चंद्राच्या करड्या जमिनीत नारिंगी माती दिसली. ते काचेचे बारीक मणी निघाले. सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी तिथे लाव्ह्याचे कारंजे उडाले आणि थेंब झटकन थिजून काच झाले. जे जरा सावकाश निवले, त्यांच्यात स्फटिक तयार झाले आणि ते काळे पडले. द्रव्य तेच, सवड तेवढी वेगळी.

ही सवड प्रकाशात वाचता येते. सूर्याच्या अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांतला काही भाग खनिजांतले लोह शोषून घेते. स्फटिकांत अणू शिस्तीत बसलेले असतात. म्हणून परतणाऱ्या किरणांच्या आलेखात एक आणि दोन मायक्रॉनच्या आसपास ठळक खळगे पडतात. काचेत ती शिस्त नाही. तिचे खळगे उथळ, पसरट आणि थोडे सरकलेले असतात. सोबत स्फटिकांची रेती मिसळली, तर तेही झाकले जातात.

२००८ साली अपोलोने आणलेल्या अशा मण्यांत पाण्याचा अंश सापडला. पण मूठभर मण्यांवरून साऱ्या चंद्राबद्दल बोलायचे कसे? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपले 'चांद्रयान-१' निघाले. त्यावर 'नासा'चे अवरक्त किरण टिपणारे उपकरण होते. पाण्याची खूण तीन मायक्रॉनजवळ दिसते. पण तापलेल्या जमिनीची स्वतःची उष्णता तिथेच मिसळते. ती वजा करून राल्फ मिलिकेन आणि शुआई ली यांनी २०१७ मध्ये दाखवले, की ज्वालामुखीच्या काचमण्यांचे अनेक विस्तीर्ण थर पाण्याचा अंश बाळगून आहेत. ते पाणी चंद्राच्या पोटातून आलेले.

माणसालाही आपण वरवर पाहून कोरडा ठरवतो. चंद्राला तर पिढ्यान्पिढ्या ठरवले. कोणाला कोरडे म्हणण्याआधी, त्याची पुसट खूण वाचण्याइतका धीर आपण धरला का, एवढे स्वतःला विचारावे.