पिढ्यांचे शास्त्र आणि आपली मुले
(वार्षिक संमेलनातील गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करण्याचा मान आज आपण आम्हांस दिलात, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. परंतु कौतुकाचे शब्द उच्चारण्यापूर्वी एक कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही शिष्यवृत्ती समितीवर असताना एका मुलीचा अर्ज आला. तिला वैद्यक किंवा स्थापत्य शिकावयाचे नव्हते. तिला परिस्थितिविज्ञान शिकावयाचे होते. वनस्पती, प्राणी, माती, पाणी आणि हवा यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणारे हे शास्त्र. त्यातही एकाच रानातील झाडे वर्षानुवर्षे मोजणाऱ्या संशोधकांत जाण्याची तिची इच्छा होती. आम्ही विचारले, "या मोजणीचा निष्कर्ष निघणार तरी केव्हा?" ती शांतपणे म्हणाली, "काका, ही मोजणी माझ्या जन्मापूर्वी सुरू झाली आहे आणि माझ्यामागेही चालावयाची आहे." समितीत हशा पिकला व अर्ज परत गेला. त्या हशात आमचाही आवाज होता.

पुढे तिचे शब्द मनात घोळत राहिले, म्हणून आम्ही या शास्त्राची माहिती मिळविली. इंग्लंडात रोदॅमस्टेड येथे लॉझ आणि गिल्बर्ट या दोघांनी १८४३ साली गव्हाच्या एका शेतात खतांचा प्रयोग आरंभिला. दोघांनी मिळून ५७ वर्षे काम केले. ते गेले, पण तो प्रयोग आजही चालू आहे. तेथे साठलेल्या नोंदींचा अर्थ लावण्यासाठी १९१९ साली रोनाल्ड फिशर नावाचा तरुण गणिती आला, आणि त्याच्या तेथील कामातून आधुनिक संख्याशास्त्राच्या कित्येक पद्धती जन्मास आल्या. प्रयोग सुरू करणाऱ्यांच्या स्वप्नातही हे फळ नसेल.

अमेरिकेत हबर्ड ब्रूक येथील अरण्यात १९६३ साली काही शास्त्रज्ञांनी पावसाचे आणि ओढ्यांचे पाणी नियमाने तपासण्यास प्रारंभ केला. पाऊस आम्लयुक्त आहे, हे त्यांना तेथे आढळले. परंतु असे आकडे दरवर्षी खालीवर होतात. दोन-तीन वर्षांच्या नोंदीवरून खरा कल कळत नाही. दीर्घकाळ धीर धरला म्हणूनच पुरावा उभा राहिला, आणि १९९० साली तेथील हवाशुद्धीच्या कायद्यात जी सुधारणा झाली तिला अशा पुराव्याचे बळ मिळाले.

आपल्या देशातही हे कार्य चालते. पुण्यात जन्मलेले माधव गाडगीळ यांच्या पुढाकाराने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९८३ साली परिस्थितिविज्ञानाचे केंद्र निघाले. त्या केंद्राने १९८८ साली तामिळनाडूतील मुदुमलै येथे ५० हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वाशे एकर रान अभ्यासासाठी आखून घेतले. छातीच्या उंचीवर निदान एक सेंटिमीटर जाड असलेल्या प्रत्येक झाडाला तेथे क्रमांक दिलेला आहे. कोणते झाड वणव्यात गेले, कोणते हत्तीने मोडले, कोणते अवर्षणातून तरले, याची नोंद पुन्हा पुन्हा फिरून ठेवली जाते. हवामान पालटत असताना आपली राने कशी टिकतील, हे सांगावयास अशा नोंदींवाचून दुसरा आधार नाही.

या कामाला माणूस तयार व्हावा लागतो. पान पाहून झाड ओळखणे, संख्याशास्त्र, नकाशावाचन, रानालगतच्या लोकांपासून नम्रपणे शिकणे आणि मागच्याची वही पुढच्याला समजेल अशी लिहिणे, इतके त्याच्या अंगी यावे लागते. देहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळूरचे राष्ट्रीय जैविक विज्ञान केंद्र आणि पाँडिचेरी विद्यापीठ यांनी या विषयांचे पदव्युत्तर शिक्षण दिले आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तर १८८३ पासूनची, आपल्या दाराशीच आहे. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळविणाऱ्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये ठरलेले आहेत.

तथापि पालकांपासून आम्ही काही लपवू इच्छित नाही. कायम जागा थोड्या आहेत. निधी बहुधा दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पांसाठी मिळतो, आणि शास्त्र तर पन्नास वर्षांचे. दोन प्रकल्पांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत घरची परिस्थिती बेताची असलेला हुशार विद्यार्थी दुसरी नोकरी धरतो आणि परत येत नाही. साखळी तुटते ती बहुधा येथेच.

येथेच आपले मंडळ उपयोगी पडू शकेल. आपल्या पूर्वजांनी हा शिक्षणनिधी स्थापन केला तो जन्मासही न आलेल्या मुलांसाठी. त्यांना कोणी विचारले नाही की निष्कर्ष केव्हा निघणार! म्हणून आमची विनंती अशी की, अशा विद्यार्थ्यास एका वर्षाऐवजी सलग तीन वर्षे साहाय्य द्यावे. रानातील कामासाठी प्रवासखर्च द्यावा. आणि प्रकल्प संपून दुसरा मिळेपर्यंत सहा महिन्यांची बिनव्याजी उचल द्यावी. या निधीत आम्ही आमची यथाशक्ति भर आजच घालीत आहोत.

ती मुलगी दुसरीकडून वृत्ती मिळवून पुढे गेली, असे कळले. त्याचे श्रेय आपल्याकडे नाही. परंतु त्यानंतर या विषयाचा एकही अर्ज आपल्या समितीकडे आला नाही. त्या दिवशीचा हशा कितीजणांच्या कानी गेला असेल, याचा विचार आपण सर्वांनी करावा.

बालमित्रांनो, तुमच्या अंगणातील आंब्याला मोहोर कोणत्या दिवशी आला, ते यंदा वहीत लिहा. पुढच्या वर्षीही लिहा. आणि थोरांनो, ती वही रद्दीत घालू नका, एवढेच मागून आम्ही आपली रजा घेतो.